घरच्या स्पोर्ट्स कारला इंजिन कुठल्या गाडीचं?

या अंकासाठी आलेले बरेच प्रश्न एकाच कामाभोवतीचे होते: घरच्या घरी गाडी बांधायची आहे, तिच्यासाठी जुन्या गाडीचं इंजिन कसं निवडायचं आणि कसं ओळखायचं. सगळे प्रश्न किनारपट्टीवरचे आहेत, त्यामुळे दमट हवा, पूर आणि घाट उत्तरांत पुन्हा पुन्हा येतील.

प्रश्न (रत्नागिरी): लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. चौकटीचं रेखाटन तयार आहे आणि मिरजोळे एमआयडीसीतला फॅब्रिकेटर पाइप कापायला बसला आहे. मारुती एस्टीमचं 1300 सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट चांगल्या किमतीत मिळतंय. घेऊ का?

उत्तर: फॅब्रिकेटरला आधी थांबवा. या जातीच्या गाडीत चौकट इंजिनाभोवती बांधतात, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवर ठेवून मोजल्याशिवाय एकही पाइप कापू नये. सर्वांत जास्त चुकतात ती तीन मापं अशी: संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळापासून हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) वरच्या टोकापर्यंतची उंची, बेल हाउसिंगची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लचवरच्या कवचाची रुंदी (पायाजवळची जागा हीच खाते), आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता शाफ्ट) पुलीपासून गिअरच्या दांड्यापर्यंतचं अंतर. तिसरं माप चुकलं तर दांडा एकतर डॅशबोर्डखाली येतो नाहीतर कोपराच्या मागे.

आता एस्टीमबद्दल. इंजिन उत्तम आहे, पण ते गाडीत आडवं बसतं. त्याच्या गिअरबॉक्समध्ये डिफरेन्शियलही (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आहे आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. तुमच्या मांडणीत तो गिअरबॉक्स काही उपयोगाचा नाही. तुम्हाला उभं बसणारं, म्हणजे क्रँक गाडीच्या लांबीत असलेलं इंजिन हवं, आणि मागे प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा) जोडता येईल असा गिअरबॉक्स. अशी पेट्रोल इंजिनं आपल्याकडे फार नाहीत. जिप्सी, ओम्नी, व्हर्सा, ईको, इसुझूचं 1817 सीसी इंजिन असलेल्या अ‍ॅम्बेसेडर आणि कॉन्टेसा, आणि निस्सानचं 1171 सीसी इंजिन असलेली प्रीमियर 118 एनई. पद्मिनीही मागच्या चाकांवर चालते, पण तिचे चार गिअर स्टिअरिंगजवळच्या दांड्याने बदलतात आणि 1089 सीसीच्या त्या इंजिनातून जास्त ताकद काढायला गेलं की ते टिकत नाही.

यातलं आमचं मत स्पष्ट आहे: जिप्सी किंगचं जी 13. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, बोअर 74 मिमी, स्ट्रोक 75.5 मिमी, म्हणजे 1298 सीसी. कार्बोरेटरच्या जिप्सीत 8 व्हॉल्व्हचं आणि नंतरच्या एमपीएफआयमध्ये (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) 16 व्हॉल्व्हचं, सुमारे 80 अश्वशक्तीचं. तयार गाडी 600 किलोची झाली तर टनाला 133 अश्वशक्ती पडते. 1957 साली आलेल्या पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं 1172 सीसीचं, जेमतेम 40 अश्वशक्तीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. ती गाडी वजन कमी ठेवून पळत होती. म्हणून ताकदीच्या आकड्यामागे लागून इसुझूचं बिडाचं इंजिन पुढे ठेवू नका. ते दणकट आहे, पण तेवढं वजन पुढच्या चाकांवर आलं की या गाडीचं वळणातलं हलकेपण जातं, आणि ते गेलं तर एवढा खटाटोप करण्यात अर्थ राहत नाही.

जिप्सीचा दुसरा फायदा सहसा कुणी सांगत नाही. तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो वेगळा बसवलेला असतो आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. म्हणजे ट्रान्सफर केस काढून ठेवला तरी पाच गिअरचा साधा गिअरबॉक्स हातात राहतो, आणि गिअरचा दांडा थेट त्याच्या माथ्यावर असतो. ओम्नी, ईकोत तसं नसतं. तिथे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी तुम्हाला नव्याने करावी लागते, आणि हौशी गाड्यांत पहिला ढिलेपणा तिथेच येतो.

एस्टीमचं इंजिन हातचं जाऊ द्यायचं नसेल तर एक वाट आहे. ब्लॉक जिप्सी किंगच्याच घराण्यातला आहे. जिप्सीचं बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, संप, ऑइल पिकअप, माउंटिंग आणि पाण्याच्या नळ्या मिळाल्या तर ते उभं बसवता येतं. फ्लायव्हील, क्लच आणि स्टार्टर मात्र एकाच गाडीचे घ्या, निम्मं इकडचं निम्मं तिकडचं नको. आणि क्रँकच्या मागच्या टोकाला बोट घालून बघा. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक तिथल्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या क्रँकमध्ये बऱ्याचदा ते बेअरिंग नसतं. ते न बघता जोडलं की इनपुट शाफ्ट हेलकावतो, क्लच नीट सुटत नाही आणि काही महिन्यांत गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आवाज करू लागतं. मग सगळे गिअरबॉक्सला दोष देतात.

वेगळ्याच कंपनीचा गिअरबॉक्स लावायचा असेल तर मध्ये अडॅप्टर प्लेट लागते. ती लेथवर करून घेताना क्रँकला डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) बांधा आणि क्रँक फिरवत बेल हाउसिंगचं भोक तपासा. फरक 0.1 मिमीच्या आत हवा. कारागीर "बसलं की झालं" म्हणेल, पण गेज लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता डिफबद्दल, म्हणजे डिफरेन्शियलबद्दल. जिप्सीचा मागचा डिफ मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, हे चौकट आखताना लक्षात घ्या. शिवाय तिच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय रेंजलाही (नेहमीच्या रस्त्यावरच्या जोडणीलाही) गती सुमारे 1.4 पट घटते. तो काढल्यावर गिअरिंग तेवढंच लांब होतं, आणि छोट्या चाकांच्या गाडीला ते सोयीचंच आहे. कुठल्याही अ‍ॅक्सलचं गुणोत्तर घरी मोजता येतं. एक मागचं चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. शाफ्टचे जेवढे फेरे, तेवढं गुणोत्तर. आता 155/80 आर 13 टायरचा घेर सुमारे 1.82 मीटर धरा. डिफ 3.9 असेल तर 1:1 गिअरमध्ये ताशी 100 किमीला इंजिन साधारण 3600 फेऱ्यांवर असेल. तोच डिफ 5.1 असेल तर 4700. महामार्गावर तासभर 4700 ऐकत बसणं त्रासाचं होतं, म्हणून व्हॅनचा अ‍ॅक्सल स्वस्त मिळाला तरी आधी हे मोजा.

प्रश्न (गुहागर): भंगारवाल्याकडे मारुतीची चार-पाच इंजिनं पडली आहेत. तो सगळ्यांना "एस्टीमचं" म्हणतो. ओळखायचं कसं?

उत्तर: ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर शोधा. तेलाच्या थराखाली असतो, डिझेल आणि तारेच्या ब्रशने घासा. सुरुवातीचं अक्षर म्हणजे घराणं आणि पुढचे आकडे म्हणजे आकार. एफ 8 म्हणजे 796 सीसी, तीन सिलिंडर, मारुती 800 आणि ओम्नीचं. जी 10 म्हणजे 993 सीसी, जुन्या झेनचं. जी 12 म्हणजे 1196 सीसी, 2022 पर्यंतच्या ईकोचं. जी 13 म्हणजे 1298. के 10 आणि के 12 नंतरच्या पिढीची, 998 आणि 1197 सीसी. जी घराण्यात टायमिंग बेल्ट, के मध्ये चेन. बाहेरून जी 10 आणि जी 13 दिसायला सारखीच वाटतात आणि फसवणूक नेमकी तिथे होते. शंका असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून पातळ लाकडी काडी सोडा आणि क्रँक हाताने फिरवून स्ट्रोक मोजा. जी 10 चा 61 मिमी, जी 13 चा 75.5. एवढा फरक साध्या फुटपट्टीवरही कळतो. खिशात लोहचुंबक ठेवा, जी घराण्याच्या ब्लॉकला तो चिकटत नाही.

नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्या जागी वेल्डिंग दिसलं तर इंजिन कितीही चांगलं वाटो, तिथून निघा.

प्रश्न (चिपळूण): पुरात सापडलेल्या गाड्यांची इंजिनं अजूनही स्वस्तात फिरतात. त्यातलं एखादं घेणं शहाणपणाचं आहे का?

उत्तर: 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा, आणि त्याच दिवसांत महाडला सावित्रीच्या पुरातही, असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या सगळ्या वाया गेल्या असं नाही. प्रश्न एवढाच, की पाणी आलं तेव्हा गाडी उभी होती की चालू, आणि नंतर तिला किती दिवसांत उघडलं.

बंद उभ्या गाडीत पाणी हळूहळू शिरतं. दोन-तीन दिवसांत तेल बदलून, प्लग काढून, सिलिंडर कोरडे करून फिरवलं असेल तर इंजिन वाचतं. चालू गाडीने एअर फिल्टरमधून पाणी ओढलं, किंवा पूर ओसरल्यावर मालकाने घाईने स्टार्टर मारला, तर गोष्ट वेगळी. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट म्हणजे असं इंजिन बऱ्याचदा चालूही होतं. थोडं हलतं, थोडा आवाज करतं, आणि विकणारा म्हणतो "ट्युनिंग करावं लागेल". पुढे कधीतरी पूर्ण फेऱ्यांवर तो रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

वाकलेला रॉड हेड न उघडता शोधता येतो. चारही प्लग काढा. एकेक पिस्टन अगदी वर आणा आणि प्लगच्या भोकातून लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची काडी टेकवून व्हर्नियरने खोली मोजा. लोखंडी सळई नको, पिस्टनवर चरे पडतात. दर वेळी प्लगची बैठक हाच मोजण्याचा तळ धरा. चारही मापं जुळायला हवीत. एखादा पिस्टन अर्धा मिमीही खाली राहत असेल तर रॉडवर संशय घ्या. हिशेब करून बघा: 9.5:1 कॉम्प्रेशनच्या 1298 सीसी इंजिनात पिस्टन 1 मिमी खाली राहिला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 8.6 च्या आसपास येतं. गेजवर ते "जरा कमी" एवढंच दिसतं, म्हणून नुसत्या गेजवर विसंबू नये.

तरी कॉम्प्रेशन गेज लावाच, पण नीट. शक्य असेल तर इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. काटा चढायचा थांबेपर्यंत क्रँक करा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं माप खोटं कमी येतं, आणि विकत घेणारेच ही चूक करतात. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. 10 टक्क्यांच्या वर गेला तर कारण शोधा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह, किंवा वर सांगितलेला रॉड. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅसकेट.

पुराचं इंजिन "पुराचं नाही" म्हणून विकलं जात असेल तर स्टार्टर उतरवून बेल हाउसिंगच्या आत बॅटरी मारा. बाहेरून कितीही धुतलं तरी तिथला गाळ कुणी काढत नाही. अल्टरनेटरच्या जाळीत, टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्येही बघा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा) गेला असं समजूनच भाव करा.

आमचा सल्ला: पुराचं इंजिन घ्यायचंच असेल तर ते उघडण्याच्या तयारीने घ्या. रॉड, बेअरिंग, रिंगा, सगळी सील आणि गॅसकेट यांचा खर्च धरून ते चालू गाडीच्या इंजिनापेक्षा स्वस्त पडत असेल तरच. बहुतेक वेळा पडत नाही.

प्रश्न (मालवण): आमच्याकडे बोटीची डिझेल इंजिनं आणि आउटबोर्ड मशीन सहज मिळतात. नाहीतर मोठ्या बाइकचं इंजिन?

उत्तर: बोटीचं इंजिन नको. ते एका ठरावीक फेऱ्यांवर तासन् तास चालण्यासाठी बनलेलं, फार जड, आणि खाऱ्या पाण्याने थंड होणारं असेल तर आतल्या वाटा गंजलेल्या असतात. आउटबोर्डचा क्रँक जमिनीला काटकोनात, खालून वर असा उभा असतो, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

बाइकचं इंजिन हलकं असतं आणि गिअरबॉक्स त्यातच असतो, ही मोठी सोय. पण रिव्हर्स गिअर नसतो, त्याची वेगळी सोय करावी लागते. बाइकचा क्लच 200 किलो ओढण्यासाठी केलेला असतो. 500 किलोची गाडी घेऊन आंबोलीच्या चढावर थांबून पुन्हा निघताना तो जळतो. आणि बाइक वळणात कलते म्हणून तिचं तेल संपमध्ये जागेवर राहतं. गाडी कलत नाही, तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. संपमध्ये आडवे पडदे वेल्ड केल्याशिवाय बाइकचं इंजिन गाडीत चालवू नये. पहिल्याच गाडीला हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न (अलिबाग): इंजिन सीटच्या मागे ठेवायचं आहे. होंडा सिटी व्हीटेक की टोयोटा कोरोला?

उत्तर: मागे ठेवायचं असेल तर आडव्या इंजिनाची सगळी मांडणी तशीच उचलता येते: इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, हब. कोरोलाचं 1794 सीसी 1 झेडझेड इंजिन टोयोटाने स्वतःच एमआर 2 मध्ये सीटच्या मागे बसवलं होतं, तेव्हा मांडणी सिद्ध आहे. सिटीचं 1.5 व्हीटेक मोकळं फिरणारं आणि आनंद देणारं आहे. पण देशात सुटे भाग आणि हात दोन्ही सर्वांत सहज मिळतात ते मारुतीचे, आणि एलजीबी फॉर्म्युला 4 या देशी रेसिंग गाड्यांतही मारुतीचं 1300 सीसी इंजिनच मागे असतं. आमची पसंती तीच. स्विफ्टचं के 12 मिळालं तर तेही चांगलं.

इंजिनाचं तोंड मूळ गाडीत होतं त्याच बाजूला ठेवा. जागेसाठी अख्खं युनिट उलटं फिरवलं तर पुढे एक गिअर आणि मागे पाच गिअर अशी गाडी तयार होते. पुढचे नकल (चाकाचा हब धरून वळणारे भाग) मागे वापरताना स्टिअरिंगचे टाय रॉड चौकटीला पक्के बांधा, आणि त्यांची लांबी व उंची सस्पेन्शनच्या खालच्या आर्मशी जुळवा. नाहीतर खड्ड्यात चाक स्वतःहून वळतं. गिअर केबलने बदलणारी गाडी निवडा. लांब केबल मिळते, रॉडची जोडणी मागे नेताना मात्र फार त्रास होतो. रेडिएटर पुढेच ठेवलात तर पाण्याच्या नळ्या लांब होतात आणि हवा अडकते. सर्वांत उंच जागी हवा सोडायचा नट द्या, नाहीतर पहिल्याच घाटात काटा लाल होईल.

आणि इंजिन एकटं घेऊ नका. ईसीयू, पूर्ण हार्नेस, सेन्सर, इमोबिलायझर असलेली किल्ली आणि तिचं रिसीव्हर एकाच गाडीतलं हवं. थ्रॉटलला केबल नसेल तर अ‍ॅक्सिलरेटरचं पेडलही. टाकीतला पंप विसरू नका, एमपीएफआयला साधारण 3 बार दाब लागतो. कार्बोरेटरच्या गाडीचा पंप आणि तिचे साधे क्लिप तिथे चालत नाहीत, पेट्रोलची गळती होते. म्हणूनच शक्य असेल तेव्हा पूर्ण चालती गाडी विकत घ्या, दोन दिवस चालवून बघा, मग उतरवा.

प्रश्न (कुडाळ): इंजिनाची कागदपत्रं काय लागतात? गाडी एमएच 07 वर पास होईल का?

उत्तर: मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नवी बनवलेली गाडी नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेकडून नमुन्याची चाचणी लागते. एकट्या हौशी माणसाला तो खर्च झेपणारा नाही. जुन्या गाडीच्या आरसीवर नवी बॉडी आणि वेगळं इंजिन चढवणं गाडीतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या कलम 52 मध्ये अडकतं. तेव्हा ही गाडी खासगी जागेसाठी आणि ट्रॅकसाठी आहे असं आधीच ठरवून बांधा. विक्रेता "पासिंगचं बघू" म्हणाला म्हणून पैसे अडकवू नका.

इंजिनाची कागदपत्रं तरीही पक्की हवीत. मूळ आरसीची प्रत, त्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकशी जुळणारा, गाडी मोडीत काढली असेल तर कलम 55 खाली नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती. पैसे देण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा.

प्रश्न (दापोली): इंजिन आत्ता घेतलं, पण चौकट पावसाळ्यानंतर होणार. तोवर कसं ठेवू?

उत्तर: आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसात उघडं पडलेलं इंजिन चालू इंजिनापेक्षा लवकर खराब होतं. कुठल्यातरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, दमट खारी हवा आत जाते आणि त्याच एका बोअरला गंज धरतो. म्हणून इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं जाड प्लॅस्टिक आणि टेपने पक्की बंद करा. नुसता चिंधीचा बोळा ओलावा धरून ठेवतो. जुनं तेल काढून नवं भरा. प्रत्येक सिलिंडरमध्ये 10 ते 15 मिली इंजिन ऑइल सोडून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि प्लग परत लावा. इंजिन जमिनीवर नको, लाकडी ओंडक्यांवर, भिंतीपासून दूर. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. ब्लॉकमधलं विहिरीचं पाणी पूर्ण काढा. गाडीत बसवल्यावर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये साधं पाणी ठेवलं की आतून पांढरी भुकटी धरते आणि तीच रेडिएटरमध्ये अडकते.

दर पंधरा दिवसांनी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सव्वादोन फेरे फिरवा, म्हणजे दर वेळी वेगळा व्हॉल्व्ह उघडा राहतो. पाना अडला तर जोर लावू नका आणि स्टार्टर तर मुळीच नको. प्लग काढून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या आणि मग हळूच मागेपुढे हलवून बघा. सुटलं तर उरलेलं मिश्रण प्लगच्या भोकांतून पूर्ण बाहेर काढा आणि संपमधलं तेलही बदला.